दोरीच्या अलीकडे, दोरीच्या पलीकडे

आपल्या बेटावर बर्फ पडत नाही. जुलैत क्युरपीपला अंगात स्वेटर चढला की आपला हिवाळा आला आणि स्वेटर पेटीत गेला की तो संपला. तरीही आज या पानावर बर्फावरच्या स्कीइंगचा विषय घेत आहोत. मेलबर्नमध्ये मॉरिशसच्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. आपली मुले तेथे शिकायला जातात आणि हिवाळ्यात मित्रांबरोबर माउंट बुलर, फॉल्स क्रीक किंवा न्यू साउथ वेल्समधील थ्रेडबो व पेरिशर येथे बर्फावर जातात. घरी फोटो येतात, आजी-आजोबा कौतुक करतात. तेथील डोंगरावर एक साधी दोरी बांधलेली असते. तिचा अर्थ काय, हे मात्र घरात कोणी विचारीत नाही.

स्कीसाठी आखलेल्या, यंत्राने दाबून सारख्या केलेल्या उतरणीला फ्रेंचमध्ये ‘पिस्त’ म्हणतात. ती सोडून मोकळ्या बर्फात जाणे म्हणजे ‘ओर-पिस्त’. आपल्याला हे समुद्रावरून चटकन समजेल. प्रवाळाच्या रांगेच्या आत लागूनचे पाणी शांत असते. पासमधून बाहेर पडले की समुद्र निराळा. प्रश्न एवढाच, की बर्फाच्या डोंगरावर ही प्रवाळाची रांग कोठे आहे? युरोप आणि अमेरिका यांची उत्तरे याबाबत अगदी वेगळी आहेत.

युरोपात ती रांग पिस्तच्या काठालाच असते. खुणेच्या काठ्यांपासून चार पावले बाजूला गेलात की तुम्ही बाहेर गेलात, मग वर पाळण्यांची तार दिसत असो वा खाली हॉटेल. तेथे हिमकडा कोसळू नये म्हणून कोणी बर्फ तपासलेला असेलच असे नाही. धोक्याचा अंदाज एक ते पाच अशा आकड्यांत रोज जाहीर होतो (ही पाच पायऱ्यांची मोजणी युरोपने 1993 साली एकसारखी केली). पुढचा निर्णय ज्याचा त्याने करायचा, किंवा पैसे मोजून वाटाड्या न्यायचा. अमेरिकेत याच्या उलट. तेथे साऱ्या रिसॉर्टभोवती सीमा असते. सीमेच्या आत, झाडांतून जा की कड्यावरून, पहारेकऱ्यांनी सकाळी सुरुंग लावून सैल बर्फ पाडलेला असतो आणि धोक्याची जागा दोरीने बंद केलेली असते. बंद जागेत शिरणे कोलोरॅडोसारख्या राज्यात दंडाला पात्र आहे.

याचे कारण स्वभावात शोधण्यापेक्षा मालकीत शोधावे. आल्प्सचे डोंगर आधी गावांचे आणि गुराखी लोकांचे होते, पाळणे नंतर आले. सबंध डोंगर बंद करण्याचा अधिकार कोणा एका कंपनीकडे नव्हता. अमेरिकेत मात्र कंपनीने सरकारी जंगलाचा तुकडा परवान्याने घेतला, तिकीट लावले, आणि तिकिटाबरोबर कोर्टाची भीतीही आली.

पण आतला भाग तपासलेला असतो याचा अर्थ तेथे काही होणारच नाही, असा नव्हे. कोलोरॅडोतील विंटर पार्क येथे 2012 साली एक स्कीअर सीमेच्या आतच हिमपातात सापडून गेला. 2016 साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की असा हिमपात हा खेळाचा अंगभूत धोका आहे आणि कंपनी जबाबदार नाही.

आता ऑस्ट्रेलिया. तेथील स्कीइंग वंशाने युरोपीय आहे. कियांड्राच्या सोन्याच्या खाणीवर नॉर्वेच्या लोकांनी 1861 साली कुंपणाच्या फळ्या पायांना बांधून ते सुरू केले, आणि थ्रेडबो 1957 साली आल्प्सच्या नमुन्यावर उभे राहिले. नियम मात्र आज अमेरिकी वळणाचे आहेत : सीमा, दोरी, पहारेकरी. आता मालकीही त्याच दिशेने गेली आहे. अमेरिकेच्या व्हेल रिसॉर्ट्स कंपनीने 2015 साली पेरिशर घेतले आणि 2019 साली फॉल्स क्रीक व हॉथम.

माझी खरी चिंता येथे आहे. या कंपनीचा हंगामी पास एकच. त्याच कंपनीकडे 2022 पासून स्वित्झर्लंडच्या अँडरमाट-सेड्रुनचा आणि 2024 पासून क्रां-मोंतानाचा मोठा हिस्सा आहे. म्हणजे पेरिशरला ‘दोरीच्या आत सगळे तपासलेले’ ही सवय लागलेला मुलगा तोच पास खिशात घालून आल्प्समध्ये जाऊ शकतो, आणि तेथे पिस्तच्या बाजूचा कोरा बर्फ पाहून तो आतलाच आहे असे समजू शकतो. पास बदलत नाही, नियम बदलतो. हे पासवर ठळक अक्षरांत छापायला काय हरकत आहे, कळत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या दोरीपलीकडेही धोका कमी नाही. कोशियुस्को हे सर्वांत उंच शिखर 2228 मीटरचे. आल्प्सच्या मानाने टेकडीच, म्हणून ‘ऑस्ट्रेलियात हिमकडे कोसळत नाहीत’ असा समज पसरला. व्हिक्टोरियातील माउंट बोगाँगवर जुलै 2014 मध्ये दोन स्नोबोर्डर हिमकड्याखाली सापडून गेले. हिमकड्याइतकेच वादळही घातक. ऑगस्ट 1999 मध्ये सिडनीचे चार तरुण थ्रेडबोहून वरच्या पठाराकडे निघाले, वादळात सापडले आणि बर्फात गुहा खोदून आत बसले. त्यांचे देह नोव्हेंबरमध्ये सापडले. ते ज्या बाजूला निघाले होते तेथे सीमन्स हट ही दगडी झोपडी आहे. 1928 साली स्की करताना वादळात गेलेल्या एका तरुणाच्या आईवडिलांच्या पैशाने ती 1929 साली बांधली गेली.

कायदा काय म्हणतो? न्यू साउथ वेल्सच्या 2002 च्या सिव्हिल लायबिलिटी कायद्यानुसार धोकादायक करमणुकीत उघड दिसणाऱ्या धोक्यामुळे इजा झाली, तर भरपाईसाठी निष्काळजीपणाचा दावा सहसा टिकत नाही. पलीकडचा डोंगर राष्ट्रीय उद्यानाचा, म्हणजे सर्वांचा. जाण्यास बंदी नाही, आणि मला ती नसावी असेच वाटते. कोळ्याच्या पोराला पासच्या बाहेर जाऊ नकोस म्हणून कसे चालेल? पण तो ढगांकडे आणि पाण्याच्या रंगाकडे बघायला आधी शिकतो. आपल्या मुलांना बर्फाचे असे शिक्षण घरात मिळालेले नसते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

तेव्हा जाणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. विमा काढताना पिस्तबाहेरचे स्कीइंग त्यात आहे का ते वाचावे. पुष्कळ प्रवासविम्यांत ते वगळलेले असते किंवा वाटाड्याची अट असते. पलीकडच्या बर्फाची स्थिती ‘माउंटन सेफ्टी कलेक्टिव्ह’ ही ना-नफा संस्था हंगामात प्रसिद्ध करते. कोशियुस्कोकडे जाण्यापूर्वी आपला मार्ग व परतण्याची वेळ नोंदवून ठेवण्याची सोय आहे. संकटात उपग्रहामार्फत ठिकाण कळवणारे छोटे यंत्रही तेथील उद्यान कार्यालयात व पोलीस ठाण्यात मागितल्यास वापरायला मिळते, तेही फुकट.