भूत पकडणाऱ्या पोरांना उंबऱ्याबाहेर येऊ द्या

पनवेलच्या एका अंगाला टॉवर, दुसऱ्या अंगाला माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्या. अमावास्येला तिठ्यावर ठेवलेला उतारा मात्र दोन्हीकडे दिसतो. ताप उतरला नाही, पोर रात्री दचकून उठलं, की कुणीतरी बाहेरच्या बाधेचं नाव काढतंच. अशा ठिकाणी भुताचा माग काढणारी तरुण पोरं हवीत. ती आहेतही. अडतात ती घराच्या उंबऱ्यावर: ‘तुला काय पडलंय? कुणी करणी केली म्हणजे?’

महाराष्ट्रातला सर्वांत मोठा भूतपकड्या दहा भावंडांतलं शेंडेफळ होता. साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर कबड्डीच्या मैदानात घडले, मिरजेत डॉक्टर झाले आणि 1989 साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. चळवळीतल्या पोरांची पहिली परीक्षा आजही लोकांसमोरच होते. नारळाच्या शेंडीत सोडियमचा बारीक तुकडा दडवलेला असतो. पाणी शिंपडलं की शेंडी भप्पकन पेटते. समोरच्या आजीबाई हात जोडतात. त्या क्षणी हसायचं नाही, मिरवायचं नाही. शेंडी उलगडून तुकडा कुठे होता ते दाखवायचं आणि ‘पुन्हा कर’ म्हणाल्या तर पुन्हा करायचं. घरात चार माणसांपुढे तोंड न उघडणारं पोर इथे बोलायला शिकतं.

भानामतीचं प्रकरण याहून अवघड. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, जेवणात घाण सापडते. यामागे माणसाचाच हात असतो आणि पुष्कळदा तो घरातल्याच कुणाचा तरी निघतो: सासुरवासात घुसमटलेली सून, अभ्यासाच्या धाकाने पिचलेला मुलगा. कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतात. करणारा सापडला की प्रकार थांबवण्याचं वचन घेतात आणि त्याचं नाव चारचौघांत फोडत नाहीत. विशीतल्या मुलाला हा संयम पेलवणं म्हणजेच त्याचं सार्वजनिक माणूस होणं, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. पकडलेलं ‘भूत’ मोबाइलवर चढवून वाहवा मिळवणं फार सोपं आहे.

धोका खोटा नाही. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. मुलगा हमीद मनोविकारतज्ज्ञ, मुलगी मुक्ता. दोघांवर दुःखाबरोबर माइकही येऊन आदळला. त्यांनी तो नाकारला नाही. कोर्टाच्या पायऱ्यांपासून गावोगावच्या सभांपर्यंत दोघं शांतपणे बोलत राहिली. मे 2024 मध्ये दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

त्याच वर्षी, 2013 मध्ये, जादूटोणाविरोधी कायदाही आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळदंडाने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तो अजामीनपात्रही आहे. पण मांत्रिकाच्या घरातून किंकाळी ऐकू आल्यावर पोलीस ठाण्यात जाऊन कलम सांगणारं कुणीतरी लागतं.

ते कुणीतरी पनवेलच्या कॉलेजांतून यावं. खुद्द पनवेलमध्ये महात्मा फुले यांच्या नावाचं कॉलेज आहे, तालुक्यातल्या तारा गावात युसुफ मेहेरअली सेंटरचा परिसर आहे. चमत्कारांमागचं रसायनशास्त्र, मानसिक आजाराची ओळख आणि या कायद्याची कलमं, असं दोन दिवसांचं शिबिर दर सत्रात भरवायला फारसा खर्च येत नाही. पोरांना एकटं पाठवू नये. सोबत दोन जुने कार्यकर्ते असावेत आणि पोलीस ठाण्याला आधी कळवलेलं असावं. पहिल्या प्रयोगाला आईवडिलांनाही बोलवावं, पुढच्या रांगेत बसवावं आणि नारळ त्यांच्याच हातात द्यावा.