बंदुकीच्या दुकानात ग्राहकाचीही परीक्षा

अमेरिकेत बंदूकखरेदी कायद्याच्या लेखी अर्ज भरण्यापासून सुरू होते. प्रत्यक्षात तिची सुरुवात होते दुकानाच्या काउंटरवर. बहुतेक राज्यांत शस्त्र हाताळून पाहण्यासाठी ग्राहकाला कोणताही परवाना लागत नाही. विक्रेता मॅगझिन काढतो, चेंबर उघडून ते रिकामे असल्याची खात्री करतो आणि मगच पिस्तूल पुढे करतो. ग्राहकानेही ती खात्री पुन्हा करावी, नळी कोणाच्याही दिशेने रोखू नये आणि विचारल्याशिवाय चाप ओढू नये, असा या व्यवसायातील शिरस्ता आहे. मूठ हातात बसते का, वजन पेलवते का, हे छायाचित्रावरून कळत नाही.

या काही मिनिटांत परीक्षा होते ती केवळ शस्त्राची नव्हे, तर ग्राहकाचीही.

सरकारी तपासणी याच्या नंतर येते. १९९३च्या ब्रॅडी कायद्यानुसार उभारलेली, 'एफबीआय'कडून चालवली जाणारी पार्श्वभूमी तपासणीची यंत्रणा १९९८मध्ये सुरू झाली. गुन्ह्याची नोंद, न्यायालयाचा मनाई आदेश, सक्तीच्या मानसोपचाराची नोंद अशा गोष्टी ती पाहते. अनेकदा काही मिनिटांतच उत्तर मिळते. मात्र ही यंत्रणा भूतकाळ तपासते. समोरच्या माणसाची आजची मनःस्थिती तिला दिसत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात, हे लक्षात घेतले की या त्रुटीचे गांभीर्य ध्यानात येते.

न्यू हॅम्पशायर राज्याला हा धडा २००९मध्ये मिळाला. परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या तिघांनी आठवड्याभराच्या आत एकाच दुकानातून शस्त्रे घेतली आणि खरेदीनंतर काही तासांतच आपले आयुष्य संपवले. तिन्ही व्यवहार कायदेशीर होते. त्यानंतर बंदूक विक्रेते आणि आत्महत्या प्रतिबंधासाठी काम करणारे कार्यकर्ते एकत्र आले. कोणत्या ग्राहकाबाबत सावध राहावे, याची सूचनापत्रके त्यांनी दुकानांना पाठवली. कोणती बंदूक हवी याविषयी उदासीनता, वापर वा देखभाल शिकण्याची अनिच्छा, अनाठायी घाई, बोलण्यातून डोकावणारे घटस्फोट वा नोकरी गेल्याचे दुःख, ही त्यातील काही लक्षणे. शंका आल्यास विक्री नाकारण्याचा अधिकार दुकानदाराला आहेच. राज्यातील जवळपास निम्म्या दुकानांनी हे साहित्य लावले आणि पुढे अन्य अनेक राज्यांनी हा उपक्रम स्वीकारला.

बंदूक नियंत्रणाच्या वादात एरवी एकमेकांविरुद्ध उभे राहणारे गट येथे एका बाजूला आले, हे या प्रयोगाचे खरे यश. तरीही त्याच्या मर्यादा उघड आहेत. दुकानदार मानसोपचारतज्ज्ञ नसतो. विक्री नाकारणे म्हणजे उत्पन्नावर पाणी सोडणे, आणि नकार मिळालेला ग्राहक दुसऱ्या दुकानाची पायरी चढू शकतो. म्हणूनच कॅलिफोर्नियात खरेदी आणि ताबा यांत दहा दिवसांचे अंतर सक्तीचे आहे. कोलोरॅडोने २०२३पासून तीन दिवसांची अट घातली. संघराज्याच्या कायद्यात मात्र अशी सक्ती नाही.

भारतात क्रम नेमका उलटा आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार आधी अर्ज, पोलिस चौकशी आणि परवाना. दुकानातून शस्त्र विकत घेणे त्यानंतर. विलंब हा येथे व्यवस्थेचाच भाग असल्याने क्षणिक आवेगातून कायदेशीर खरेदी होणे कठीण असते.

मनावरचे संकट अनेकदा काही तासांत वा दिवसांत ओसरते. तेवढा वेळ मिळवून देण्याची जबाबदारी एकट्या विक्रेत्याच्या सद्सद्विवेकावर किती काळ टाकायची, याचे उत्तर दुकानदाराने नव्हे, तर कायदे करणाऱ्यांनी द्यायचे आहे.