केशरी रताळ्याला ताटात जागा हवी

एकादशीच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात, ते बहुतेक पांढऱ्या गराच्या रताळ्यांचे. त्यांनी पोट भरते, पण ‘अ’ जीवनसत्त्व नावापुरतेच मिळते. केशरी गराला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटिनपासून मात्र शरीर गरजेपुरते ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षे वयाच्या जवळपास १८ टक्के भारतीय मुलांमध्ये या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. रातांधळेपणा ही तिची उघड खूण. पण या कमतरतेमुळे प्रतिकारशक्तीही घटते आणि गोवर, जुलाबासारखे आजार मुलांच्या जिवावर बेततात.

तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेच्या ‘भू सोना’ या वाणात १०० ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन असते. एक मध्यम रताळे लहान मुलाची दिवसाची गरज भागवू शकते. आफ्रिकेत मोझांबिकने २०११ मध्ये दुष्काळ सोसणारे पंधरा केशरी वाण शेतकऱ्यांना दिले. त्यामागच्या शास्त्रज्ञ मारिया आंद्रादे २०१६ च्या जागतिक अन्न पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. म्हणजे पोषण आणि काटकपणा एकाच वेलात आणता येतो.

जैवतंत्रज्ञान म्हटले की जनुकबदलाचा वाद सुरू होतो. हे वाण मात्र संकरातून आणि निवडीतून तयार झाले आहेत. गंमत म्हणजे, मातीतल्या जिवाणूचे जनुक निसर्गानेच हजारो वर्षांपूर्वी रताळ्यात घातल्याचे २०१५ मध्ये सिद्ध झाले! खरी अडचण बेण्याची आहे. वेलाच्या तुकड्यांतून विषाणू पुढच्या लागवडीत जातात आणि उत्पादन घटते. कोंबाच्या अगदी टोकापासून टिश्यू कल्चरने निरोगी रोपे करता येतात. जळगावच्या केळी उत्पादकांना हे तंत्र नवे नाही.

मग घोडे अडले कुठे? चांगले वाण संशोधन केंद्रात राहिले तर त्याचा मुलांना उपयोग नाही. कृषी विभागाने निरोगी बेणे गावोगावी पुरवावे आणि अंगणवाडीच्या आहारात केशरी रताळ्याला जागा द्यावी. खरेदीची हमी असेल तर शेतकरीही लावेल. रताळे उकडून, थोड्या तेला-तुपासोबत किंवा शेंगदाण्याच्या कुटासोबत द्यावे. स्निग्धाशाशिवाय बीटा-कॅरोटिन नीट शोषले जात नाही. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दिला जाणारा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस मात्र चुकवू नये. डोस दर सहा महिन्यांनी मिळतो, भूक रोज लागते. रोजच्या घासातून पोषण मिळणे हाच टिकाऊ उपाय आहे.