तीस सेकंदांची तालीम

उर्दू शाळेत आम्हांला 'तालीम' या शब्दाचा अर्थ शिक्षण असा शिकविला गेला. पुढे कापडाच्या धंद्यात पडलो, मराठी गिऱ्हाइकांशी रोजचे बोलणे सुरू झाले, तेव्हा कळले की मराठीत तालीम म्हणजे आखाडा, सराव, मेहनत. हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी नांदतात, हे मात्र पन्नाशी उलटल्यावर कळले, आणि तेही नालासोपाऱ्यातल्या एका कबड्डीच्या मैदानावर.

आमचा भाचा आमच्याच दुकानात बसतो. वय वीस. संध्याकाळचे साडेपाच वाजले की त्याचे लक्ष कापडावरून उडते. सहा वाजता कबड्डीचा सराव. एके दिवशी ऐन गर्दीच्या वेळी तो निघून गेला. आम्ही रागाने त्याला परत आणायला मैदानावर गेलो. शिकविणारे सर म्हणाले, "चाचा, दहा मिनिटे थांबा, त्याची चढाई होऊ द्या." आम्ही थांबलो आणि दीड तास तिथेच बसलो.

सरांनी केले काय? भाचा चढाईला गेला. अर्ध्या वाटेवर सरांनी शिट्टी फुंकली. सगळे जागच्या जागी थांबले. सरांनी त्याला मध्यरेषेकडे तोंड करून उभे केले आणि विचारले, "पाठीमागे गडी किती? साखळी कोणाची कोणाशी? उजव्या कोपऱ्याचा कोणता पाय पुढे आहे?" भाच्याने दोन उत्तरे बरोबर दिली, तिसरे चुकले. पुन्हा चढाई, पुन्हा शिट्टी, पुन्हा तेच प्रश्न. लहानपणी पाढे म्हणून घेत, तसा हा प्रकार. अंगाच्या ताकदीचे त्या तासात कोणी नावही काढले नाही.

ज्यांनी कबड्डी लांबूनच पाहिली आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. चढाईपटूला मिळतात ३० सेकंद. समोर सात गडी. सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस रेषेचा गुण मिळतो. पाच असतील तर ती रेषा ओलांडूनही फायदा नाही. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली तर ती अव्वल पकड, तिचे दोन गुण. म्हणजे गडी थोडे दिसले म्हणून सोपे समजून आत शिरलेला हमखास फसतो. दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू स्वतः बाद. कोपऱ्यातला गडी घोटा धरायला टपलेला. एका कोपऱ्याकडे पाहावे तर दुसरा पाठीमागून येतो. हे सगळे मोजायचे, तोलायचे, आणि निदान रेषा ओलांडून गडी टिपून परत यायचे.

आणि या सर्व वेळात तोंडात दम. 'कबड्डी कबड्डी' थांबले की खेळ संपला. आम्हांला सगळ्यात जास्त विचार करायला लावले ते यानेच. चढाईपटू कोणाला विचारू शकत नाही. कर्णधार पाठीशी उभा असतो, सर बाहेर उभे असतात, पाहणारे चारी बाजूंनी ओरडून सल्ला देत असतात, पण ज्याच्या तोंडात दम आहे त्याला "आता काय करू?" असे विचारण्याची सोयच नाही. त्याने विचारायचे ते सगळे सरावातच विचारून घेतलेले असले पाहिजे.

आता आमच्या दुकानाची गोष्ट सांगतो. सांगताना मान खाली जाते, पण बंधूंच्या उपयोगाची आहे म्हणून सांगतो. रमजान ईदच्या तोंडावर आम्ही भिवंडीला माल पाहायला गेलो होतो. दुकानात भाचा एकटा. सुरतेचा एक दलाल ड्रेस मटेरियलचा लॉट घेऊन आला. भाव बाजारापेक्षा कमी, रोकडीचा सौदा, उत्तर पंधरा मिनिटांत पाहिजे. भाच्याने ताका उलगडून पाहिला. पन्हा बरोबर, पोत चांगला, ओल्या रुमालाने घासून रंगही पाहिला, पक्का निघाला. मग त्याने आम्हांला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. दलालाने घड्याळ पाहिले आणि उठून गेला. तो माल ईदपर्यंत समोरच्या दुकानातून हातोहात खपला. बैल गेला आणि झोपा केला, अशी आमची गत.

रात्री आम्ही त्याला खूप बोललो. तो शांतपणे म्हणाला, "मामू, माल बरोबर होता हे मला पाहताक्षणी कळले होते. पण मागच्या वेळी तुम्ही गिऱ्हाइकांसमोर बोललात ते मी विसरलो नाही." मागची वेळ म्हणजे दोन वर्षांपूर्वीची. त्याने स्वतःच्या अकलेने थोडा माल घेतला होता, त्याचा रंग गेला. नुकसान फारसे नव्हते. पण आम्ही भर दुकानात त्याची लाज काढली, आणि पुढे दोन वर्षे येता जाता तेच उगाळले. त्या दिवशी आमचा फोन लागला नाही हे निमित्त झाले. त्याची हिंमत आम्ही आधीच काढून घेतली होती.

मैदानावर सर काय करीत होते ते आठवा. भाचा पकडला गेला तर ते रागावत नव्हते. म्हणत, "पकडला गेलास, ठीक आहे. काय पाहिलेस ते सांग." त्याने पाहिलेच नसेल तर मात्र बोलणी बसत. कोपऱ्यातल्या गड्याची टाच उचललेली होती, तो झेप घेणार होता, हे दिसले का? दिसले असेल आणि तरीही चुकला, तर उद्या सुधारेल. दिसलेच नसेल तर सुदैवाने मिळालेला गुणही काही कामाचा नाही. आम्ही दुकानात याच्या अगदी उलट करतो. नफा झाला तर काही विचारीत नाही, तोटा झाला तर ऐकून घेत नाही.

घाई आणि चपळाई यांत आपण नेहमी गल्लत करतो. उतावळा माणूस न पाहता उडी मारतो. चपळ माणसाने पाहण्याचे काम इतक्या वेळा केलेले असते की ते त्याला क्षणात उरकते. सरांनी हे टप्प्याटप्प्याने बसविले. आधी सर्व गडी चालत हलायचे आणि चढाईपटूने तोंडाने सांगायचे, की आता साखळी वळते आहे, आता डावा कोपरा पुढे सरकला. मग तेच पळत. मग ३० सेकंदांच्या जागी २०, पुढे १५. शेवटी अडचणीचे प्रसंग बेतून द्यायचे. समोर तीनच गडी आहेत, काय करशील? तिसरी चढाई आहे, काय करशील? शेवटचा मिनिट आहे आणि आपण दोन गुणांनी पुढे आहोत, काय करशील? या शेवटच्या प्रश्नावर भाचा म्हणाला, "गुण आणीन." सर म्हणाले, "नाही. रिकामा परत येशील, पण सावकाश." सौदा न करणे हाही एक निर्णय आहे, हे आम्ही धंद्यात तीस वर्षे घालवून शिकलो. तो मुलगा एका संध्याकाळी शिकला.

अशा तालमीतून काय घडते ते पाहायला लांब जायला नको. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार हा चढाईपटू ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होता. त्यानंतर १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला त्याच्याच नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून प्रो कबड्डीचे विजेतेपद पहिल्यांदा जिंकले. तीन गुणांचा फरक! अशा सामन्यात एक चुकीची चढाई सगळे घालवू शकते. त्याच संघात इराणचा मोहम्मदरझा शादलू पकडी करीत होता आणि पंकज मोहिते याच्या एका अव्वल चढाईने पारडे झुकले. कोण कुठला! पण प्रत्येकाला आपापल्या जागी ठरविण्याची मोकळीक होती.

आमचे एक नातलग कॅनडात असतात. त्यांनी तिथल्या फुटबॉलबद्दल सांगितले. तो आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळतात, एका बाजूला १२ गडी. १० यार्ड पुढे जायला अमेरिकेत चार प्रयत्न मिळतात, कॅनडात तीनच. चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरविणारा मुख्य गडी म्हणजे क्वार्टरबॅक. अंगावर माणसे धावून येत असताना त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. त्याला शिकविताना सामन्यांच्या चित्रफिती थांबवून थांबवून विचारतात, की समोर कोण कुठे उभा आहे, आता काय होणार? याला ते लोक समोरचा बचाव 'वाचणे' म्हणतात. आमच्या नालासोपाऱ्याच्या सरांजवळ चित्रफीत नाही, शिट्टी आहे, रीत तीच.

काही बुजुर्ग म्हणतील, कबड्डीत एक गुण जातो, धंद्यात भांडवल जाते. म्हणणे खरे आहे. म्हणूनच सराव लहान रकमेवर करावा. जागा घेणे, भागीदारी करणे, कर्ज काढणे, ही कामे सबुरीने आणि चार माणसांच्या सल्ल्यानेच व्हावीत. पण दाराशी आलेला दलाल, भाव पाडणारे गिऱ्हाईक, सुई तुटून कापड खराब करणारी मशीन, ही कामे थांबत नाहीत. तिथे मुलाच्या तोंडात दम असतो.

आमच्या व्यापारी आणि कारीगर बंधूंना आम्ही इतकेच सुचवितो. एक रक्कम ठरवून द्या; तिच्या आतला सौदा मुलाने न विचारता करावा. जुने ताके पुढे टाका, चिठ्ठीवरचा भाव झाका आणि एका मिनिटात किंमत सांगायला लावा. कटिंगच्या टेबलावरही हेच करता येईल. रात्री दुकान बंद करताना पाच मिनिटे विचारा, "आज काय पाहिलेस?" आणि गिऱ्हाइकांसमोर बोलणे सोडा. हे शेवटचे सगळ्यात कठीण आहे, अनुभवाने सांगतो.

दुसरी गोष्ट मैदानाची. आपल्यापैकी पुष्कळ जण स्पर्धेच्या वेळी बक्षिसाला पैसे देतात, फलकावर नाव लागते. देणे चांगलेच. पण सामना दोन दिवसांचा, सराव वर्षभराचा. मोठे सामने आता मॅटवर होतात आणि आपली मुले मातीत, अपुऱ्या उजेडात शिकतात. नालासोपाऱ्यात मोकळी जागा किती उरली, हे आपण रोज पाहतोच. चार दुकानदारांनी मिळून सरावाच्या जागेवर दिव्यांची आणि मॅटची सोय केली, आणि दुकानातल्या पोराला दोन तास सोडले, तर त्यात आपलेच भले आहे.

आमच्या भाच्याला आम्ही आता रक्कम ठरवून दिली आहे. मागच्या महिन्यात त्याने घेतलेल्या लॉटमध्ये तीन ताके डागी निघाले. जिभेवर आलेले शब्द आम्ही गिळले आणि विचारले, "काय पाहिले होतेस?" तो म्हणाला, "मामू, वरचे दोनच ताके उलगडले, मधला उलगडायला हवा होता." एवढे बोलून तो सहा वाजता सरावाला गेला. आम्ही गल्ल्यावर बसलो.