जुन्या कपड्याचा भाव कोण ठरवणार?

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की मालवण, तारकर्ली, देवबागच्या दुकानांबाहेर फुलाफुलांचे शर्ट आणि मालवणी बोलीतली वाक्ये छापलेले टी-शर्ट लटकू लागतात. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून किनाऱ्यावरचा हा बाजार वाढतच गेला आहे. त्याच वेळी आपल्या तरुणांच्या मोबाइलवर दुसरा एक बाजार उघडा असतो. इन्स्टाग्रामवर ‘थ्रिफ्ट’ या नावाने वापरलेले शर्ट, जीन्स, जॅकेट विकले जातात. प्रत्येक कपड्याचा एकच नग असतो. फोटो, माप, किंमत टाकली की ज्याचा मेसेज आधी येईल त्याला तो मिळतो.

आपल्यातले काही तरुण-तरुणीही हा धंदा करू पाहत आहेत. भांडवल थोडे लागते, दुकानाचे भाडे नाही. पण बौद्धवाड्यांत काम करताना आम्हाला दिसते की पहिला विरोध घरातूनच होतो. ‘लोकांच्या अंगावरून उतरलेले कपडे विकणार? यासाठी शिकलास का?’ असे आईवडील विचारतात. तरुणांना हा जुन्या पिढीचा न्यूनगंड वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय या धंद्यात उतरू नये, असे आमचे मत आहे.

हा राग कुठून आला?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असा नियम आहे. शूद्र सेवकाला उरलेले अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत, असेही त्याच अध्यायात सांगितले आहे. हे केवळ पोथीत राहिले नाही. गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महाराचा ‘हक्क’ मानला जाई. म्हणजे अपमानालाच हक्काचे नाव दिलेले होते.

चांगला कपडा घालण्यावरही बंदी होती. १९२८ साली इंदूर भागातल्या सवर्णांनी बलाई समाजाला जरीकाठी पागोटे आणि रंगीत काठाचे धोतर वापरू नये असे बजावले होते. हे उदाहरण बाबासाहेबांनी १९३६ साली छापलेल्या, पण आयोजकांनी करू न दिलेल्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात नोंदवले आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांतही हेच. कोकणातून गेलेली आपली माणसे तिथे राबली, पण जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा इतर कामगारांना विटाळ होई. ज्यांच्या श्रमावर गिरणी चालली त्यांना कापड विणण्याची मात्र मनाई होती.

म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी महिलांशी लुगडे नेसण्याच्या पद्धतीबद्दल बोलणे हा योगायोग नव्हता. जातीची खूण सांगणारी नेसण्याची रीत आणि जड दागिने सोडा, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर आपल्या घरांत इस्त्रीचा पांढरा सदरा ही चैन राहिली नाही, ती भूमिका झाली. आज जुन्या कपड्यांच्या गाठोड्याकडे बघून आईचे कपाळ आठ्यांनी भरते, त्यामागे ही शंभर वर्षांची शिकवण आहे.

बुद्धांच्या संघाने काय केले?

पण मग सुरुवातीच्या भिक्खू संघाचे काय? भिक्खूंचे चीवर पांसुकूल असे. उकिरड्यावर, रस्त्यावर, अगदी स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून ते शिवलेले असे. पुढे वैद्य जीवकाने विनंती केल्यावर बुद्धांनी उपासकांनी दिलेली वस्त्रेही स्वीकारायला परवानगी दिली.

प्रेतावरचे कापड मनूच्या व्यवस्थेतही आहे आणि संघातही आहे. फरक कुठे आहे? तिथे ते हुकमाने अंगावर लादले गेले, इथे ते स्वतःहून निवडले. भिक्खू ते कापड कापत, धूत, रंगवत आणि मगधातल्या शेतांच्या बांधांसारखी आखणी करून नव्याने शिवत. आधीच्या मालकाची खूण त्यावर उरत नसे. अशा चीवरासमोर राजेही हात जोडत.

चुल्लवग्गात आनंद आणि राजा उदेन यांचा प्रसंग येतो. राजाच्या अंतःपुरातून आनंदांना पाचशे वस्त्रे मिळाली. एवढ्यांचे काय करणार, असे राजाने विचारले. आनंदांनी सांगितले की ज्यांची चीवरे झिजली आहेत त्यांना ही देऊ. झिजलेल्यांच्या चादरी होतील, जुन्या चादरींचे गादीवरचे आच्छादन, मग जमिनीवरची पथारी, मग पायपुसणे, मग फडके आणि शेवटी त्या चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपल्या आज्या जुनेराची गोधडी शिवत आल्या, तीही याच विचाराची आहे.

तेव्हा वापरलेला कपडा मुळात हलका नसतो. तो कोणत्या नात्यातून हातात येतो, यावर सगळे ठरते.

दया आणि बाजार

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली. नको असलेले आणून ठेवा, हवे असलेले घेऊन जा, अशी ही कल्पना. हेतू चांगला आहे. पण आपल्या वाड्यांत येणारी गाठोडी उघडली की त्यांत बटणे तुटलेले शर्ट, लग्नातले शेरवानी कुर्ते, उसवलेल्या साड्या असेच बरेच काही निघते. घेणाऱ्याने निवड केली तर ‘फुकटचे मिळते तरी नखरे’ असे ऐकावे लागते. ज्याला नकार देता येत नाही, तो देणाऱ्याच्या उपकाराखाली राहतो. ‘गूंज’ या संस्थेने ही गोष्ट ओळखली. तिथे गावकरी रस्ता, विहीर, बांध असे गावाचे काम करतात आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून घेतात. गूंजचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बाजार दयेपेक्षा बरा, कारण तिथे घासाघीस करता येते. पण बाजारही सगळ्यांना सारखा नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आपल्याला ठाऊक आहे. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणे, घासाघीस करणे, माल निवडणे हे सगळे ती करते आणि तिचा धंदा कायम हलका समजला गेला. तसाच शर्ट शहरातल्या सुखवस्तू मुलाने चांगल्या उजेडात फोटो काढून विकला की त्याला पर्यावरणप्रेम म्हणतात आणि भावही चढा मिळतो. पर्यटकाच्या अंगावर विटलेली जीन्स फॅशन असते. तीच जीन्स बौद्धवाडीतल्या मुलाच्या अंगावर गरिबी दिसते. कापड बदलत नाही, बघणाऱ्याची नजर बदलते. या नजरेला जात कळते.

जगातही हेच चित्र आहे. घानाची राजधानी अक्रा इथल्या कांतामांतो बाजारात श्रीमंत देशांतले वापरलेले कपडे येतात. तिथे त्यांना ‘मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे’ अशा अर्थाचे नाव आहे. मनूचा नियम माहीत असलेल्या वाचकाला हे नाव टोचल्याशिवाय राहणार नाही. तिथला विक्रेता बंद गठ्ठा आत काय आहे ते न बघता विकत घेतो. माल खराब निघाला तर तोटा त्याचा. जानेवारी २०२५ मध्ये लागलेल्या आगीत या बाजारातली हजारो दुकाने जळाली. श्रीमंत देशांचा कचरा पचवण्याचा धोका शेवटी गरीब विक्रेत्याच्याच माथी आला.

मग आपण काय करायचे?

सुरुवात आपल्या पांढऱ्या कपड्यांपासून करता येईल. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर या दिवसांसाठी घराघरांत पांढऱ्या साड्या, सदरे, लहान मुलांचे कपडे घेतले जातात. ते वर्षातून चार-पाच वेळा अंगावर येतात आणि मुलांना तर पुढच्या वर्षी होतही नाहीत. कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी विहारात अशा कपड्यांची विक्री ठेवा. इथे देणारा आणि घेणारा एकाच समाजाचा आहे, यंदा विकणारा पुढल्या वर्षी घेणारा असेल. त्यामुळे उपकाराचा प्रश्नच उरत नाही.

या विक्रीचे काही नियम आम्ही सुचवतो. प्रत्येक कपड्यावर भाव लिहिलेला असावा, मग तो वीस रुपये का असेना. घेणाऱ्याला उलटून-पालटून बघण्याचा, घासाघीस करण्याचा आणि न घेता परत जाण्याचा पूर्ण हक्क असावा. धुणे, इस्त्री, बटणे लावणे, उसवलेले शिवणे यांची मजुरी आधी वेगळी काढावी आणि ती करणाऱ्या बाईच्या हातात द्यावी. अनेक घरांत शिवणकामाचा कोर्स केलेल्या मुली आहेत आणि मशीन झाकून ठेवलेले आहे, कारण तयार कपड्यांपुढे नवीन शिलाई परवडत नाही. जुना कपडा मापात आणणे हे मात्र कारखान्यातून होत नाही. हे काम गावातच करावे लागते. बचत गटांना इथे खरी संधी आहे. उसवता न येणाऱ्या साड्यांच्या गोधड्या आणि पिशव्या करून किनाऱ्यावरच्या पर्यटकांना विकता येतील. तो टी-शर्टवर छापलेल्या वाक्यापेक्षा जास्त स्थानिक माल ठरेल, कारण तो इथल्या हातांनी शिवलेला असेल.

ज्यांना ऑनलाइन धंदा करायचा आहे त्यांनी गठ्ठा कुठून आला हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. परदेशातले वापरलेले कपडे घालण्यासाठी आयात करायला भारतात परवाना लागतो. चिंध्या म्हणून आणलेला माल फाडलेला असावा लागतो आणि तो पानिपतसारख्या ठिकाणी सूत आणि ब्लँकेटसाठी जातो. त्यातून मागच्या दाराने बाहेर आलेला माल स्वस्त दिसला तरी उद्या अडचणीत आणणारा आहे.

आणखी एक. वर्षाला दोन-तीन कपडे घेणाऱ्या कुटुंबाला पृथ्वी वाचवण्याचे धडे देऊ नका. हा कचरा त्यांनी केलेला नाही. ज्याला नवा कोरा कपडा घ्यायचा आहे त्याने तो अभिमानाने घ्यावा, कारण तो हक्क आपल्या माणसांनी झगडून मिळवला आहे. जुना घ्यायचा असेल तर तोही पारखून, भाव ठरवून आणि पैसे मोजून घ्यावा.

कपड्याचा भाव ठरवताना आपण समोरासमोर बसलेलो असू, तर तो कपडा नवा की जुना याने आपली प्रतिष्ठा कमी होत नाही. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी आपापल्या विहारात ही विक्री करून पाहा, आणि भाव लिहायला वाडीतल्या बायकांनाच बसवा.

जय भीम! नमो बुद्धाय!