बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

घरात बाळंतीण आली म्हणजे आपल्या नाशिककडच्या कुटुंबांतून जी लगबग सुरू होते, तिच्यात ममतेची उणीव असते असे कोणीही म्हणणार नाही. शेकासाठी शेगडी पेटते, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू वळले जातात, बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई ठरते, पाचवी पुजली जाते, बारशाच्या याद्यांवर याद्या होतात; परंतु हा सर्व भार जिच्या देहाने वाहिला, तिच्याशेजारी क्षणभर टेकून ‘तुझे मन बरे आहे ना?’ एवढे विचारावयाचे मात्र बहुधा राहून जाते. तिने आपण होऊन डोळ्यांत पाणी आणलेच, तर ‘लेकरू मांडीवर असताना रडू नये’ असे बजावून, अथवा नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या उतरून, तो विषय तेथेच मिटविला जातो.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांतील हळवेपणा बहुधा आपोआप ओसरतो, हे खरे. परंतु दोन आठवडे उलटूनही जिचे मन वर येत नाही, बाळ निजले तरी जिचा डोळा लागत नाही, आणि ज्या लेकरासाठी नवस बोलले त्याच्याकडे पाहूनही काही वाटत नाही म्हणून जी स्वतःलाच अपराधी ठरवीत राहते, तिची पीडा हा हट्ट नव्हे, नखरा नव्हे, की बाहेरची बाधाही नव्हे; तो इलाजाने बरा होणारा विकार आहे. ही पाश्चात्त्यांची व्याधी आहे असे मानणाऱ्यांनी शेजारच्या गोमंतकातील, डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेली पाहणी ध्यानात घ्यावी. तेथील जिल्हा रुग्णालयातून निवडलेल्या मातांपैकी २३ टक्के स्त्रिया प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्यग्रस्त आढळल्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. या दुःखाची मुळे दारिद्र्यात आणि पतीशी बिघडलेल्या संबंधांत होती, आणि मुलगा हवा असता मुलगी झाली म्हणजे तो भार अधिकच जड होत होता. जो विकार संबंधांतून बळावतो, त्याच्या उपचारातही संबंधांस स्थान असलेच पाहिजे.

आधाराने काय साधते याचा दाखला नाशिककरांना दूर शोधावा लागत नाही. येथल्याच जलालपूर गावी १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी अपत्यवियोगाचे दुःख सोसलेले होते. त्यातच १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि लहानग्या दत्तूची ही आई, पती हयात असूनही, एकाएकी निराधार झाली. त्या काळच्या समाजात अशा स्त्रीने कोणास तोंड दाखवावे, हाच प्रश्न होता. अशा वेळी भिकूताई या त्यांच्या बहिणीने त्यांना जवळ केले, पंढरपुरास आपल्या घरी आसरा दिला. पुढे त्या पतीकडे परतल्या, स्वतःच्या बुद्धीने आपला मार्ग ठरविला, आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. धैर्य त्यांचे स्वतःचे होते यात संशय नाही. परंतु ते शाबूत राहण्यास चार भिंती आणि एक बहीण लागली, हे विसरून चालणार नाही.

आज सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामास असलेल्या जोडप्याचे माहेर-सासर दोन्ही दूर असते, सुरगाणा-पेठहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीस येणाऱ्या बाईच्या वाट्याला विसावा पुरता येत नाही, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी आईस रजा मिळेलच असे नाही. जुने माहेरही सर्वांस सारखे लाभत नव्हते, म्हणून गेलेल्या काळासाठी झुरण्यात अर्थ नाही. माहेरपण हे आता घराने, शेजाराने आणि सरकारने वाटून घ्यावयाचे कर्तव्य आहे. पतीने रात्री एकदा तरी बाळाला खांद्यावर घेऊन फिरवावे. सासूने ‘आम्ही नाही का चार वाढविली?’ हे ओठांवर आलेले वाक्य मागे घ्यावे. मुलगी झाली म्हणून कोणाचाही चेहरा उतरू नये.

सरकारचा वाटाही अवघड नाही. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाईच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात, बाळाचे वजन करतात, ताप पाहतात. गावातील शिकविलेली स्त्री घरी जाऊन नवजात अर्भके वाचवू शकते, हे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध करून १९९९ साली जगापुढे मांडले. गोव्यातही, समाजातल्याच सामान्य स्त्रियांनी शिकवणी घेऊन खिन्न गर्भवतींशी घरी जाऊन केलेल्या संवादाने अनेकींना आराम पडल्याचे २०१९ साली दिसून आले. तेव्हा आशाताईंच्या नोंदवहीत आईच्या मनाचाही एक रकाना असावा, त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा, आणि ज्या बाईची नोंद चिंताजनक ठरेल तिच्यासाठी तालुक्याच्या रुग्णालयात उपचाराची ठाम तरतूद असावी. कारण दुःख विचारून घ्यावयाचे आणि पुढे काहीच करावयाचे नाही, हा निष्ठुरपणा होय. १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर मराठीत लावण्यास कोणत्याही नव्या फर्मानाची आवश्यकता नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या नाशिकात आहे, त्या नाशिकाने या कामी पुढाकार घ्यावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

हे सर्व घडेपर्यंत आपल्या हाती एक गोष्ट आहे. झबले-टोपडे घेऊन बाळ पाहावयास जाल, तेव्हा बाळाला मांडीवर घेण्यापूर्वी त्याच्या आईजवळ बसा, तिला कसे वाटते ते विचारा, आणि उत्तर देण्यास तिला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ तेथून उठू नका.