धामणीवर धामण

गेल्या फेब्रुवारीत चार दिवसांची रजा टाकून मी चलथाणला जाऊन आलो. नाव ऐकून आमच्या कचेरीतल्या मंडळींनी "हे कुठे आले?" असे विचारले, म्हणून आधी सांगतो. चलथाण हे सुरत शहराजवळचे, पळसाणा तालुक्यातले गाव. उधना-जळगाव लोहमार्गावरचे लहानसे स्टेशन, एक सहकारी साखर कारखाना, चहूकडे कापडाच्या गिरण्या आणि त्यांच्या मधूनमधून अजून तग धरून राहिलेले उसाचे मळे. माझा मावसभाऊ गेली बावीस वर्षे तिथल्या एका गिरणीत नोकरीला आहे. मूळचा आमच्या डिचोलीचा, पण आता घरात अर्धी गुजराती बोलतो आणि चवथीला गावी यायला मिळाले नाही की फोनवर आरती ऐकतो.

पोचलो त्याच संध्याकाळी घरात मोठा कडाका झाला. वहिनींनी फ्रीजरमधून मटारची पिशवी काढायला हात घातला आणि हाताला लागले ते मिठात घोळून गुंडाळी केलेले सापाचे कातडे! वहिनींच्या किंकाळीने शेजारचे पटेलभाई धावत आले. अपराधी अर्थातच घरातला कॉलेजकुमार, माझा पुतण्या. तो धनुर्विद्या शिकतो. राष्ट्रीय स्पर्धांत 'इंडियन राउंड' म्हणून एक प्रकार असतो, त्यात बांबूचे किंवा लाकडाचे धनुष्य वापरतात. त्यात तो उतरतो. पण विकतच्या धनुष्यावर त्याचे समाधान होईना, म्हणून चार महिने खपून त्याने स्वतःच्या हाताने एक धनुष्य घडवले होते. आता शेवटचा हात फिरवायचा राहिला होता आणि त्यासाठी हे कातडे.

मी ते धनुष्य हातात घेतले आणि खरे सांगतो, रागवायचे विसरलो. ऊसवाहतुकीच्या एका मोडक्या बैलगाडीची दांडी त्याने मागून आणली होती. लाकूड धामणीचे. धामण हा आपल्या सह्याद्रीतला आणि डांगच्या जंगलातलाही वृक्ष. त्याचे लाकूड चिवट आणि लवचीक, म्हणून औजारांचे दांडे, गाडीचे भाग, नावेची वल्ही यांसाठी ते पूर्वापार वापरात आहे. संस्कृतात या झाडाला 'धन्वन' म्हणतात आणि 'धनुर्वृक्ष' असेही एक नाव आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी झाडाचे नावच त्याच्या कामावरून ठेवले. पोराने हे कुठल्या पोथीत वाचले नव्हते. एका म्हाताऱ्या गाडीवानाने त्याला "हेच लाकूड घे" म्हणून सांगितले होते.

आणि सापही धामणच! उसाच्या फडात तोडणी चालू असताना निघाली, कुणीतरी भीतीपोटी कोयता टाकला, मेली. पुतण्या तिथेच होता. "काका, धामणीच्या लाकडावर धामणीचे कातडे! असे धनुष्य अख्ख्या गुजरातेत कुणाकडे नसेल," असे तो डोळे चमकावून सांगू लागला. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला हा श्लेष ऐकून क्षणभर मोह झाला हे मी लपवत नाही.

आता धनुष्याला कातडे कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. मलाही पडला होता. धनुष्य वाकले की त्याच्या बाहेरच्या अंगावर, म्हणजे लक्ष्याकडे असलेल्या पाठीवर, ताण येतो आणि धनुर्धराकडे असलेले पोट दाबले जाते. पाठीवरचे लाकडाचे तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग असतील तर प्रश्न नसतो. पण करवतीने कापलेल्या लाकडात तंतू मध्येच तुटलेले असतात. तिथून एखादी फास उचलली की धनुष्य हातातच मोडते, प्रसंगी डोळ्यावर येते. म्हणून पाठीवर काहीतरी चिकटवून ती बांधून टाकतात. अमेरिकेतले मूळ रहिवासी जनावरांच्या स्नायूंचे तंतू सरसात भिजवून पाठीवर बसवत आणि काही जण वर खुळखुळ्या सापाचे कातडेही लावत. आजचे हौशी कारागीर तेच करतात. कातडे भिजवायचे, आतली चरबी खरवडायची, सरस लावून बसवायचे, सुकल्यावर खवले काढायचे आणि वर तेलाचे किंवा व्हार्निशचे हात द्यायचे. दिसायला अप्रतिम दिसते. पण पुतण्याकडूनच खोदून खोदून कळले ते असे, की सापाचे कातडे इतके पातळ असते की त्याने धनुष्याला बळ असे फारसे येत नाही. जी काय ती शोभा, आणि थोडे संरक्षण.

आता माझ्यातला कारकून जागा झाला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि धामण त्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. "पण मी कुठे मारली?" हा पुतण्याचा युक्तिवाद. या कायद्याचे कलम ३९ असे सांगते की असा प्राणी मेलेला सापडला किंवा चुकून मारला गेला तरी तो सरकारची मालमत्ता ठरतो, आणि ज्याच्या हाती तो आला त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवायचे असते. तास मोजले, अजून वेळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे पिशवी घेऊन गेलो. वनखात्याच्या माणसाने दोन प्रश्न विचारले, कागद लिहून घेतला, कातडे ठेवून घेतले. पोरगा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही.

त्याचा तो अबोला मला ओळखीचा वाटला. आमच्याकडे घुमट वाजवणारी जुनी माणसे याच अबोल्याने गप्प होतात.

गोव्याच्या वाचकांना घुमट काय ते सांगायला नको. कुंभाराने घडवलेला मातीचा घट, एका बाजूचे मोठे तोंड कातड्याने मढवलेले, दुसरे लहान तोंड उघडे. डाव्या हाताने ते उघडे तोंड कमीजास्त झाकत नादाला वळण द्यायचे. जोडीला शामेळ आणि कासाळे. चवथीची आरती त्याच्याशिवाय नाही, शिगमा नाही, आणि आमच्या ख्रिस्ती बांधवांचा मांडोही नाही. हे तोंड पिढ्यान्‌पिढ्या मढवले गेले ते घोरपडीच्या कातड्याने. घोरपड कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. साहजिकच ते बंद झाले आणि बकऱ्याचे कातडे आले. पुढे सरकारने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला. तिकडे दक्षिणेत खंजिऱ्याची गोष्ट हीच, तीही घोरपडीवरून बकऱ्यावर आली.

या विषयावर आपल्याकडे दोन गट पडतात आणि मला दोघांचेही पटत नाही. एक गट म्हणतो, "घोरपडीचे कातडे गेले, घुमट संपले." दुसरा गट म्हणतो, "काही फरक पडत नाही, बकऱ्याचे तसेच वाजते." दुसऱ्या गटाने आधी एखाद्या जाणत्या वादकासमोर बसून हे म्हणून दाखवावे! फरक पडतो. घोरपडीचे कातडे पातळ आणि चिवट, त्याच्या नादातला तो खोल घुमारा कान तयार असलेल्याला लगेच ओळखू येतो. काहीतरी गेले आहे हे मान्य करायला आपल्याला लाज कसली? नुकसान झालेच नाही असे सांगून आपण त्या वादकाच्या कानाचा अपमान करतो, आणि मग तो कायद्यालाच वैरी समजू लागतो.

पण पहिल्या गटाचेही खरे नाही. एकेकाळी या देशातून सापांची कातडी लाखांनी परदेशी जात होती, पाकिटे, पट्टे आणि बूट होण्यासाठी. त्यात धामणीची फार मोठी भर होती. ही कुठली परंपरा? हा निव्वळ बाजार. उंदीर खाऊन शेतकऱ्याचे पीक राखणारा हा बिनविषारी साप त्या बाजारात गेला. गावातल्या दहा-वीस घुमटांनी घोरपडी संपल्या नसतील, पण बंदी घालताना कायद्याला हे घुमट आणि तो बाजार असे वेगळे करता येत नाही. ज्या इरुळ लोकांचे पोट साप पकडून कातडी विकण्यावर होते, त्यांनी १९७८ मध्ये तामिळनाडूत सहकारी संस्था काढली. साप पकडायचे, विष काढायचे आणि परत सोडून द्यायचे. त्या विषावर सर्पदंशाची लस बनते. साप हुडकण्याची त्यांची विद्या कातड्यासोबत बुडाली नाही, कारण तिला दुसरे काम मिळाले. मला वाटते, सगळा मुद्दा इथे आहे. विद्येला काम मिळाले पाहिजे.

तिसऱ्या दिवशी पुतण्या मला ऊसतोड्यांच्या पडावावर घेऊन गेला. डांगातून, नंदुरबार-धुळ्याकडून ही कुटुंबे दिवाळीनंतर येतात आणि हंगाम संपेपर्यंत झोपड्यांत राहतात. नवराबायकोच्या जोडीला इथे 'कोयता' म्हणूनच मोजतात. माणसाला औजाराचे नाव! तिथे अक्कलकुव्याकडचा एक म्हातारा भिल्ल बांबू तासत बसला होता. होळी जवळ आली होती, गावी जायचे होते, आणि सातपुड्यातल्या होळीला हातात तिरकमठा नसून कसे चालेल? मी मराठीत विचारत होतो, तो त्याच्या भिलीत मराठी मिसळून उत्तर देत होता, पुतण्या मधे दुवा. त्याच्या कमठ्याला दोरीसुद्धा बांबूचीच, लांब सोललेल्या कामटीची. कमठा आणि कामटी हे शब्द मी लहानपणापासून वेगवेगळे ऐकले होते, एका माणसाच्या मांडीवर एकत्र पाहिले ते तिथे.

पुतण्याने त्याला आपल्या कातड्याचे दुःख सांगितले. म्हातारा हसला. त्याच्या बोलण्याचा मतलब असा, की बांबूला त्याचे कातडे देवाने दिलेलेच आहे. साल राखायची, आतून तासायचे. सालीला विळा लावला की कमठा गेलाच समज. मग त्याने पोराचे धनुष्य घेतले, दोन्ही हात सारखे वाकतात का ते ताणून पाहिले, आणि खालच्या हातावर एका जागी अंगठ्याने खूण केली. इथे अजून जड आहे. कातडे-बितडे नंतर, आधी हे.

चार महिने पोरगा ज्या शोभेच्या मागे होता तिच्या खाली एक चूक राहून गेली होती, आणि ती त्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याला अर्ध्या मिनिटात सापडली. याला मी परंपरा म्हणतो.

घरी येऊन मी आपला घुमटाचा अनुभव पाजळला. बकऱ्याचे कच्चे कातडे लाव, ते सापापेक्षा मजबूतही असते. वहिनींनी साफ सांगितले, आता या घरात कसलेही कातडे येणार नाही. मग रात्री त्यांनीच ट्रंक उघडली आणि माझ्या मावशीचे जुने रेशमी लुगडे काढले. जागोजागी विरलेले, नेसण्याजोगे राहिले नव्हते, पण लांबीच्या बाजूने पट्ट्या चांगल्या निघाल्या. धनुष्याच्या पाठीला रेशमाची पट्टी सरसाने बसवण्याची रीत आहेच. फास उचलू न देण्याचे काम ती सापाच्या कातड्याहून चांगले करते. सुरतेला कापडाचा तोटा नाही, पण गिरणीतले कृत्रिम धाग्याचे कापड पोराने नको म्हटले.

खालचा हात आधी तासून हलका केला, काचेच्या तुकड्याने खरवडला, पॉलिशपेपर मारला. मग सरस लावून पट्टी ओढून बसवली, एकही बुडबुडा राहू दिला नाही. सुकायला ठेवली तेव्हा माझी गाडीची वेळ झाली होती. वर तेलाचे पाच-सहा पातळ हात दिल्याचे पुतण्याने नंतर फोनवर कळवले. लाकूड काळसर तांबडे दिसते आणि पाठीवर मावशीच्या लुगड्याची जांभळी झाक.

हे सांगितले म्हणजे सगळे गोड झाले असे नाही. सापाच्या कातड्याची ती नक्षी रेशमाला येणार नाही, हे पुतण्या आजही म्हणतो आणि त्याचे खरे आहे. माझे म्हणणे एवढेच, की जे गेले ते गेले म्हणून सांगावे आणि जे राहिले आहे त्याची काळजी घ्यावी. घुमटाला वारशाचा मान देणारा कागद चांगलाच आहे. कागदांतच जन्म गेलेला मी त्याला कमी लेखणार नाही. पण घट घडवणाऱ्या कुंभाराला माती कुठून मिळते, त्याच्या घटाला भाव काय मिळतो, बकऱ्याचे कातडे घुमटासाठी पातळ कसे करावे हे नव्या पोरांना कोण शिकवतो, हे प्रश्न त्या कागदात मावत नाहीत. कला अकादमीच्या घुमट आरती स्पर्धेला पथके येतात, बक्षिसे होतात. मढवणाऱ्याचे नाव कधी कुणी पुकारलेले मी तरी ऐकलेले नाही. एखादे बक्षीस त्याच्यासाठीही ठेवता येईल. फार मोठी टिपणी लिहावी लागणार नाही.

आणि त्या म्हाताऱ्याबद्दल. राजस्थानच्या आदिवासी पाड्यातून बांबूच्या धनुष्यानिशी निघालेला लिंबाराम तीन ऑलिंपिक खेळला, २०१२ मध्ये पद्मश्री झाला. चलथाणच्या पडावावरचा तो माणूस मात्र हंगामभर 'कोयता' म्हणून मोजला जातो. माझा पुतण्या आता दर रविवारी त्याच्याकडे जाऊन बसतो. यंदाच्या चवथीला त्याला डिचोलीला बोलावले आहे. धनुष्य घेऊन ये म्हटले आहे, घरच्या घुमटाचे कातडे सैल झाले आहे तेही त्याच्या हातून मढवून घेऊ.